हरलेलं लिहून ठेवणारे अण्णा

शिंत्रेअण्णा चहासुद्धा दोन कपांत घ्यायचे. एकात साखर आधी, एकात नंतर. दोन्ही चाखायचे, कानावरचं पेन काढायचे आणि म्हणायचे, "स्वल्प थांब, लिवून घेतो."

अण्णा निपाणीचे, मी पुण्याचा. बंगळूरला मारतहळ्ळीच्या आमच्या ऑफिसातून साड्या विकणारी वेबसाइट चालायची. काही बदल करायचा झाला, की अर्ध्या गिऱ्हाइकांना जुनं पान दाखवायचं, अर्ध्यांना नवं, आणि खरेदी कुठे जास्त होते ते पाहायचं, हे आमचं काम. निकाल कॉम्प्युटरात असायचेच. तरी अण्णा लांबलचक रजिस्टरात ते हाताने उतरवायचे: काय बदललं, काय वाटलं होतं, काय झालं, पुढे काय. एखाद्या चाचणीत नवं पान जिंकलं की आम्ही केक कापायचो. अण्णा केक खात विचारायचे, "आणि हरलेलं कुठं लिवलास?"

मी कुठेच लिहायचो नाही. एकदा घडी घातलेल्या साडीऐवजी नेसलेल्या साडीचा फोटो टाकून पाहिला आणि सपशेल तोंडावर आपटलो. निकाल गुपचूप पुसून टाकला. वर्षभराने नव्या साहेबांना तीच कल्पना सुचली, पहिलं आपटणं विसरून मीही मान डोलावली आणि पुन्हा आपटलो. अण्णांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. माझी पहिली हार त्यांच्या अक्षरात तिथे होती.

"तू लिवलं नाहीस, म्हणून मी लिवलो की," एवढंच म्हणाले. साहेबांना त्यांनी काही कळू दिलं नाही. मी आभार तर मानले नाहीतच, उलट कँटीनमध्ये त्यांची नक्कल करून हशा मिळवला. आज त्याची लाज वाटते.

अण्णा निवृत्त झाले. बायको आधीच गेलेली, मुलगी परदेशात. अधूनमधून त्यांचा मेसेज यायचा. नंतर उत्तर देऊ म्हणायचो आणि राहून जायचं. मग एकदा आला, "रजिस्टर तुला हवंय काय?" नव्या माणसांना शिकवायला ते हवंच होतं. मी लगेच 'हो' कळवलं. त्यांनी घरी बोलावलं आणि रविवारी मी के. आर. पुरमला गेलो.

अण्णा चहा करायला आत गेले. मी रजिस्टर चाळू लागलो. शेवटच्या पानावर माझं नाव होतं.

"'कसा आहेस?' उत्तर नाही. 'जेवलास काय?' उत्तर नाही. 'वडिलांचा गुडघा बरा झाला काय?' उत्तर नाही. कामात असेल. 'रजिस्टर हवंय काय?' एका मिनिटात उत्तर. पुढे काय: घरी बोलवावं. येत राहतो काय बघावं."

निकालाचा रकाना कोरा होता. रजिस्टर मी घेऊन गेलो की मला विचारायला त्यांच्याकडे काहीच उरणार नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

अण्णा दोन कप घेऊन आले. आज त्यातला एक माझा होता.

"अण्णा, रजिस्टर आज नेत नाही. पुढच्या रविवारी येतो."

"सरी, ये की," म्हणाले. कानावरचं पेन काढलं, पान जवळ ओढलं, थोडा वेळ त्या कोऱ्या रकान्याकडे बघत बसले. मग पेन परत कानावर ठेवलं.

"स्वल्प थांबतो," म्हणाले. "पुढच्या रविवारी लिवतो."