नानांची सलामी

नाना शिरसाठ कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी चपला दाराबाहेर काढत, वाकून फरशीला हात लावत आणि तो हात कपाळाला टेकवत. मग खुर्चीत बसून बाह्या दंडापर्यंत गुंडाळत आणि विचारत, "शेठ, आज समोर कोण?"

शेठ म्हणजे मी. नव्वदचं दशक सरता सरता मी गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत सायबर कॅफे काढला होता. इंटरनेट सारखं बंद पडायचं. गिऱ्हाईक उठून जाऊ नये म्हणून मी मारामारीचा एक गेम टाकून ठेवला. पडद्यावर दोन लढवय्ये, प्रत्येकाच्या डोक्यावर ताकदीची पट्टी. फटका बसला की पट्टी आखडते, संपली की माणूस आडवा. दोघांनी खेळायचं तर एकाच कीबोर्डची अर्धी अर्धी बटणं वाटून घ्यायची.

नाना पहिल्यांदा आले ते भांडायला. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. दुपारच्या आरडाओरड्यानं त्यांची झोप मोडली होती. तावातावानं आत आले आणि पडद्याकडे बघून थबकले. एका पोरानं दुसऱ्याच्या लढवय्याला नुकतंच खांद्यावरून आपटलं होतं.

"ही धोबीपछाड आहे," नाना म्हणाले. "पण कंबर आत घातली नाही त्यानं."

ते निफाडकडचे, तरुणपणी कुस्ती केलेले. त्या दिवसापासून रोज यायला लागले.

बाकीची पोरं हाताला येईल ते बटण बडवायची. नानांना त्याची चीड. "मारायला कुणालाही येतं शेठ. समोरच्याचा मार वापरता आला पाहिजे." गेममध्ये तशी सोय होती. समोरच्याचा ठोसा अंगावर येतानाच नेमकं अडवायचं बटण दाबलं, तर तुमचा गडी त्याचा हात धरून त्यालाच फेकून द्यायचा. क्षणभर उशीर झाला तर ठोसा तोंडावर. पोरांना हे क्वचित जमायचं. नाना मात्र मान तिरकी करून, श्वास धरून त्या एका क्षणाची वाट बघत बसायचे, आणि जमलं की हळूच म्हणायचे, "गेला."

इतकं येऊनही ते जवळजवळ नेहमी हरत. कारण त्यांची तत्त्वं. पडलेल्याला ते मारत नसत. समोरचा आडवा झाला की आपला गडी चार पावलं मागं नेऊन तो उठेपर्यंत थांबत. तो उठायचा आणि नानांना लाथ घालायचा.

दुसरं तत्त्व सलामीचं. कुस्तीत आधी हात मिळवतात, मग भिडतात. कीबोर्डवरचं एक बटण दाबलं की पडद्यावरचा गडी गुडघे वाकवून हात पुढं करायचा आणि बोटं हलवायचा. हे नानांना पहिल्याच आठवड्यात सापडलं आणि त्यांचा ऊर भरून आला. "परदेशी असून बघा. संस्कार आहेत त्याच्यावर." मग प्रत्येक लढतीआधी ते बटण दाबायचे. गडी हात पुढं करून उभा, तेवढ्यात समोरचा त्याला बदडून मोकळा. नाना मान हलवायचे. "हात न मिळवताच मारलं. असू दे. शिकेल."

त्यांना खरं सांगितलं ते रेश्मानं. ती फार्मसी कॉलेजची, ईमेल बघायला यायची आणि कनेक्शन येईपर्यंत सगळ्यांना हरवायची. एकदा नानांनी तिलाही सलामी दिली. तिनं हात थांबवले.

"आजोबा, तुम्ही दर वेळी हे का करता?"

"सलामी आहे ती."

"नाही हो. ते डिवचायचं बटण आहे. 'ये की, ये, हिंमत असेल तर ये,' असं म्हणतोय तो."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी गुंडाळलेल्या बाह्या सरळ केल्या, बटणं लावली आणि चपला घालून वर गेले.

दोन-तीन दिवस ते फिरकले नाहीत. मग द्राक्षांची पिशवी घेऊन आले आणि रेश्माची रीतसर माफी मागितली. ती इतकी गडबडली की वाकून पायाच पडली. नंतर त्यांनी माझ्याकडून बाकीच्यांचे पत्ते घेतले. एक पोरगा डॉक्टरांचा होता. नाना दवाखान्यात पेशंटांच्या रांगेत बसले. नंबर आल्यावर "आपल्या चिरंजिवांचा मी अनेकदा अपमान केला," म्हणाले. डॉक्टरांनी आधी त्यांचं ब्लडप्रेशर तपासलं.

"झाली का सगळ्यांची माफी मागून?" मी विचारलं.

"एक राहिला," नाना म्हणाले. "किसन. आमच्या शेजारच्या गावचा. जत्रेत पाडला होता मी त्याला. तिथवर ठीक होतं. पण तो पडलेला असताना मी त्याच्या उशाशी उभा राहून मांडी थोपटली. सगळी जत्रा हसली. त्यानंतर तो आखाड्यात आला नाही." मग म्हणाले, "आणि ते बटण कशाचं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं असंही नाही."

रविवारी मी त्यांना स्कूटरवर घेऊन निघालो. निफाड मागं पडलं, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव लागले. वाटभर नाना माझ्या पाठीमागं पुटपुटत होते. काय बोलायचं त्याची तालीम चालली होती.

किसनराव ओसरीत खाटेवर बसले होते. वाळलेलं शरीर, कान मोडलेले, पैलवानाचेच. भोवती सून आणि तिची तीन पोरं. त्यांनी नानांना निरखून पाहिलं आणि तोंड उजळलं.

"आरं, नाना हाय ह्यो. शिरसाठाचा." ते सुनेकडे वळले. "सांगतो न्हवं मी तुमाला? जत्रंत पाडला होता मी त्यो ह्योच. लय दांडगा गडी. पर असा उचलला आन् असा टाकला."

पोरं नानांकडे बघायला लागली. नानांचं तोंड उघडं होतं, पहिला शब्द ओठावर आलेला. त्यांनी तो गिळला.

"हो," ते म्हणाले. "वर्षभर बरगडी दुखत होती माझी."

किसनराव खूष होऊन हसले. पोरं आजोबांना जास्तच बिलगली. सुनेनं चहा आणला. मग दोघं म्हातारे दुपार कलेपर्यंत जुन्या वस्तादांबद्दल बोलत राहिले. नानांना एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

परत येताना मी स्कूटर जरा हळू केली.

"नाना," मी म्हणालो, "पाडलं तुम्हीच होतं ना?"

"नातवंडं ऐकत होती शेठ."

पिंपळगावच्या फाट्यानंतर ते पुन्हा बोलले. आवाज मोकळा होता.

"पुढच्या रविवारी ये म्हणालाय. तो डाव कसा टाकला, ते शिकवणार आहे मला."