आठव्या भागाची साक्षीदार

‘कोरा पासपोर्ट’ या हेरमालिकेचा शेवटचा, आठवा भाग जगात एकाच व्यक्तीला माहीत होता, आणि ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. मालिकेच्या चाहत्यांचं एक लहानसं मंडळ होतं. तिथं तिला सगळे लॅबताई म्हणत. एकतीस वर्षांपूर्वीच्या या मालिकेचा निर्मिती-इतिहास मंडळ लिहून काढत होतं. सात भागांच्या फिती मिळाल्या होत्या. आठवा कुठंच नव्हता.

खरं तर लॅबताईनंही तो पाहिला नव्हता. तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि तापानं फणफणली होती. तिचा डोळा लागला, टीव्हीसमोर वडील एकटेच बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात तिला मांडीवर घेऊन, कपाळावरची ओली घडी बदलत त्यांनी सबंध भाग सांगितला. हेर सरहद्दीवरच्या स्टेशनात पोचतो, गाडी समोर उभी असते, तेवढ्यात घरी मुलगी आजारी असल्याचं त्याला कळतं. तो गाडी सोडून देतो आणि घरी येतो.

वडिलांना जाऊन आता सहा वर्षं झाली होती. त्यांनी पाहिलेला तो भाग एकदा आपणही पाहावा, एवढ्यासाठीच ती मंडळात आली होती.

तिनं ही हकीकत सांगितली आणि तिथून घोळ सुरू झाला. कारण पहिल्या सात भागांत हेराला मुलगीच नव्हती. लग्नाचाही पत्ता नव्हता. मंडळाचं लेखन फायलीकाकांकडे होतं. ते दफ्तरखात्यातून निवृत्त झाले होते. त्यांचं म्हणणं, हेराची मुलगी दिसत नाही याचा अर्थ ती नीट लपवलेली आहे. यावर त्यांनी अकरा पानं लिहिली. मग कुणाला तरी तिसऱ्या भागात पलंगाखाली लहान बूट दिसले. पानं सतरा झाली. मग एक बाई स्वतःहून पुढं आल्या. आठव्या भागातली मुलगी म्हणे त्याच. सेटवर पाजलेल्या औषधाची चवसुद्धा त्यांना आठवत होती.

लॅबताई एरवी शंका आलेला नमुना पुन्हा तपासल्याशिवाय सही करत नसे. या बाईंना मात्र तिनं एकही प्रश्न विचारला नाही.

छपाईआधी शहानिशा करायला ती आणि फायलीकाका मालिकेच्या संकलकांकडे गेले. म्हाताऱ्यानं खिडकीशी बसून सतराही पानं वाचली आणि चष्मा काढला.

“लिहिलंय झकास. पण आठवा भाग झालाच नाही हो.”

नायकानं ऐन वेळी नाटकासाठी टक्कल केलं होतं. टोप लावून तो हेर कमी आणि नवरदेव जास्त दिसत होता.

“मग त्या दिवशी टीव्हीवर लागलं काय?” लॅबताईनं विचारलं.

“मत्स्यपालन. पाऊण तास.”

फायलीकाकांनी बारीक आवाजात बुटांचं विचारलं. बूट दिवेवाल्याचे होते, त्याची पावलंच लहान. नुसते बूटच दिसले हे नशीब समजा, असं संकलक म्हणाले. तो आख्खा पलंगाखाली झोपला होता.



“बाबांनी पाऊण तास मासे बघितले,” लॅबताई म्हणाली. “मधेच आपला भाग लागेल म्हणून.”

फायलीकाकांनी पानं गोळा केली. हे प्रकरण गाळून टाकतो, आणि त्या औषधवाल्या बाईंना मीच कळवतो, असं ते पडेल आवाजात सांगू लागले.

“गाळू नका, काका. चुकलेला रिपोर्ट आम्ही फाडत नाही, दुरुस्त करतो. तक्ता काढा.”

मंडळाच्या इतिहासात प्रत्येक भागाच्या नोंदीखाली माहितीचा तक्ता होता. काकांनी पेन उघडलं. ती सांगत गेली, ते लिहीत गेले. लेखक, वडील. कलाकार, तेच, सर्व भूमिकांत. स्थळ, स्वयंपाकघर. प्रक्षेपण, सकाळी सव्वासात. प्रेक्षक, एक; ताप एकशे दोन.

“आणि संकलन?” म्हाताऱ्यानं हळूच विचारलं.

“काहीच कापलं नव्हतं.”

संकलकांनी मान डोलावली, हार मानल्यासारखी.

“पुनःप्रक्षेपण?” काकांनी सवयीनं पुढचा रकाना वाचला, आणि मग त्यांना वर बघवेना.

लॅबताईनं त्यांना वरचे रकाने पुन्हा एकदा, मोठ्यानं वाचायला सांगितले. काकांनी वाचले, पहिल्यापासून, सावकाश.