इंजेक्शन मानेतच द्यावे

ऑर्विल क्राहुलिकचा राग एका डॉलरवर होता. नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांवर त्याची तीनशे गुरं चरत. विकलेल्या प्रत्येक गुरामागे एक डॉलर कापला जाई आणि राज्याच्या मांस मंडळाकडे जाई. त्यातून मंडळ जाहिराती करी, वर शेतकऱ्यांना गुरं नीट सांभाळायचं प्रशिक्षणही देई.

"म्हणजे पैसे माझे आणि अक्कल त्यांची!" ऑर्विल म्हणाला. "चाळीस वर्षं गुरं पाळतोय मी. आता राजधानीतून, लिंकनहून, एखादी पोरगी येऊन शिकवणार, सुई कुठे टोचायची ते."

"मंगळवारी येतेय ती," त्याची बायको आर्लिस म्हणाली.

"कुठे?"

"इथे. आपल्या गोठ्यात. मी फॉर्म भरला. आणि बोंबलू नकोस. लाइल हॉफार्टनं सांगितलंय, या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नसेल तर यंदा वासरं घेणार नाही. तुझं प्रमाणपत्र संपलंय, आणि मंडळाची तिन्ही पत्रं तू शेगडीत घातलीस."

लाइल हा त्यांचा नेहमीचा खरेदीदार. त्याच्यावाचून वर्ष काढायचं म्हणजे अवघडच होतं. ऑर्विल उठून बाहेर गेला. दार मात्र जरा जोरात लावलं.

मंगळवारी शेजारपाजारची चाळीस माणसं गवताच्या गठ्ठ्यांवर येऊन बसली. शिकायला किती आणि आर्लिसची खिमा-राजम्याची झणझणीत चिली व दालचिनीचे रोल खायला किती, हा प्रश्न कोणी विचारला नाही. प्रशिक्षक डॅनिका फॉस ही तिशीची, ठेंगणी बाई होती. सोबत मंडळाचा कॅमेरावालाही होता.

"इंजेक्शन मानेत द्यायचं," डॅनिका सांगू लागली. "मागच्या पुठ्ठ्यात दिलं तर आत गाठ होते. तिथलंच मांस सगळ्यात महाग. गिऱ्हाइकाच्या ताटात गाठ आली की तो पुढच्या वेळी कोंबडी मागवतो."

"बोलणं सोपं असतं," ऑर्विल उठला. "गुरं जखडायच्या त्या खोड्यात कालवड उभी आहे. मी दाखवतो."

कॅमेरा आपल्याकडे वळलेला पाहून त्याने पोट आत घेतलं. पिस्तुलासारखी सिरिंज लसीने भरली, टोपी सारखी केली. खोड्याची कडी अडकवायला दोन्ही हात लागतात, म्हणून चाळीस वर्षांच्या सवयीने त्याने सिरिंज पँटच्या मागच्या खिशात खोचली. सुई उघडी, टोक खाली.

कालवडीने फळीवर सणसणीत लाथ घातली. ऑर्विल मागे कोलमडला आणि गठ्ठ्यावर दाणकन बसला.

सिरिंजने आपलं काम चोख केलं. पूर्ण मात्रा.

त्याची किंकाळी ऐकून कालवडसुद्धा शांत झाली.

"मंडळी," डॅनिका म्हणाली, "जागा चुकली, हे सगळ्यांनी पाहिलं ना?"

गोठा हसून हसून लोळला. माणसांचा डॉक्टर साठ मैलांवर होता. गुरांचा डॉक्टर स्वोबोडा तिथेच तिसरा रोल खात होता. तो हात पुसत उठला. "वळ तिकडे. पँट खाली कर."

"अरे, कॅमेरा चालू आहे!"

"त्याला सवय आहे. तो गुरांचंच चित्रण करतो."

स्वोबोडाने जखम धुतली, माणसांच्या डॉक्टरला फोन लावला आणि त्याचा निरोप ऑर्विलला दिला, "बर्फ लाव आणि आजच त्याला दाखवून ये. मरणार नाहीस."

तेवढ्यात डॅनिकाने नोंदवही उघडली. "दिलेल्या प्रत्येक मात्रेची नोंद करावी लागते. कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक?"

"बिल्ला नाही," आर्लिस म्हणाली. "पण गर्दीतही ओळखते मी त्याला."

"वजन?"

"आर्लिस, सांगू नकोस!"

आर्लिसने सांगितलं. मागच्या रांगेतून कुणीतरी शीळ घातली.

"लस दिल्यापासून एकवीस दिवस कत्तलीला पाठवता येणार नाही."

"थांबेन की," आर्लिस म्हणाली. "चाळीस वर्षांत कुणी घेतला नाही, आता एकवीस दिवसांनी काय बिघडतंय?"

ऑर्विलचे कान लालभडक झाले. तडक घरात जाऊन आतून कडी लावावी, असं त्याला फार वाटलं. पण प्रमाणपत्रासाठीची लेखी परीक्षा बाकी होती, आणि लाइल कोणासाठी थांबणारा नव्हता. बसणं तर शक्यच नव्हतं. त्याने खोड्याच्या फळीवर कागद ठेवून उभ्या उभ्या पेपर लिहिला. पंचवीसपैकी पंचवीस. "इंजेक्शन कुठे देऊ नये" या प्रश्नाला त्याने दीड पान उत्तर लिहिलं होतं.

मंडळाने ती फीत राज्यभर दाखवली. अर्थात ऑर्विलची रीतसर परवानगी घेऊन. ती त्याने घरी दोन दिवस चाललेल्या चर्चेनंतर दिली. ऑक्टोबरच्या बाजारात लाइलने त्याची सगळी वासरं पहिल्याच बोलीत घेतली, आणि भावही बरा दिला.

"एवढा भाव?" ऑर्विलला संशय आला.

"शहरातली हॉटेलं विचारतात, मांसात गाठ नसल्याची खात्री काय? मी त्यांना तुझी फीत दाखवतो. म्हणतो, हा माणूस उभ्या जन्मात पुन्हा चुकीच्या जागी सुई देणार नाही. लगेच मागणी नोंदवतात."

ऑर्विल घरी आला तो छाती फुगवूनच. "पाहिलंस? राज्यभर नाव झालंय माझं. आता मंडळ मलाच बोलावणार शिकवायला. लिहून ठेव."

आठवड्याने मंडळाचं पत्र खरंच आलं. हिवाळ्यात अकरा गावांत प्रशिक्षण वर्ग, जाण्यायेण्याचा खर्च मंडळाचा. त्याने ते आर्लिसला मोठ्याने वाचायला लावलं. तिने चष्मा चढवला.

"प्रशिक्षक : सौ. आर्लिस क्राहुलिक," तिने वाचलं. "सोबत आणावयाचे साहित्य : सिरिंज, नोंदवही, नवरा."