उभ्या उभ्या घिस्सा

शेजारच्या नानांना तारखा लागत नसत. त्यांच्याकडे कुस्त्या होत्या. एकदा मी माझ्या लग्नाचा दिवसच विसरलो. बायको उत्तराची वाट बघत दारात उभी, मी आढ्याकडे बघतोय. नानांनी कुंपणापलीकडून सोडवलं.

"आवं मास्तर, औंधच्या जत्रंत त्या डावखुऱ्यानं भल्या दांडग्या गड्याला आस्मान दाखवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या तुमच्या."

बापाच्या काळातल्या कुस्त्याही त्यांना डावासकट पाठ. चूक मात्र खपत नसे. मी एकदा पारावर ठोकून दिलं, की अमक्यानं समोरच्याला उभ्या उभ्या घिस्सा मारला. नाना जागचे उठले.

"घिस्सा खाली दबलेल्याला मारत्यात, मास्तर. उभ्याला ढाक. हिकडं या."

पटवण्यासाठी त्यांनी मलाच ढाक लावली. त्यानंतर कित्येक दिवस मी वर्गात उभ्यानंच शिकवलं. पोरांना वाटलं, तपासणीला साहेब येणार.

एका कुस्तीचा निकाल तेवढा नाना सांगत नसत. ती त्यांच्या मुलाची, शिरपाची. औंधला तासगावच्या केरबाशी त्याची जोड लागली. दिवस मावळला तरी कोणी चीत होईना, तेव्हा पंचांनी दोघांना सोडवलं; पुढच्या जत्रेला पुन्हा लढायचं ठरलं. मधेच महायुद्ध पेटलं आणि शिरपा पलटणीत भरती झाला. लढाई संपली, पलटण परतली, शिरपा आला नाही. कळवलंही नाही कुणी काही.

"बरोबरीतच सुटली म्हणायची ती," असं कोणी म्हटलं, की नाना म्हणत, "सुटली न्हाई. थांबलीया."

माझी बहीण तासगावला दिलेली. मी निघालो की नाना तुपाचा डबा हाती देत. "केरबाला द्या. त्यानं तब्येत राखाय पायजे. शिरपा आल्यावर जोड कुठनं आणू?" हे कारण कळायच्या आधी मी बायकोला खाजगीत सांगून बसलो होतो, की म्हातारा तूप चारून केरबाला आतून फितवतोय.

परवा तासगावला गेलो, तर केरबा लंगडत सामोरा आला. उसाच्या गाडीखाली पाय सापडला होता.

"आता कसली कुस्ती, मास्तर. तालीम सुटली. तूप नगं आता. पर नानास्नी हे कसं सांगायचं, ते तुमीच बगा."

तुपाचा डबा मी बहिणीकडेच ठेवला आणि परतलो. नाना ओट्यावर बसले होते.

"काय म्हणतोय केरबा?"

"झकास. कालच एकाला उभ्या उभ्या घिस्सा मारला त्यानं."

बोललो आणि जीभ चावली. आता ढाक बसणार, म्हणून धोतर सावरून उभा राहिलो. नाना माझ्याकडे बघत राहिले.

"उभ्या उभ्या?"

"व्हय, नाना. उभ्या उभ्या."

त्यांनी नजर माझ्यावरून रस्त्याकडे वळवली.

"मारला असंल," ते म्हणाले. मग उठता उठता, "पुढल्या खेपंला तूप जरा जास्तच देतो."