विदर्भाचा एकुलता एक मतदार

"निवडणुकीआधी निवडणूक? मग निवडणूक कधी?" लतानं विचारलं आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

लता सरकारी दवाखान्यात नर्स, मूळची गिरगावची. तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायला जगन्नाथ सोफ्यावरून उठून उभा राहिला. तो पुण्याचा, कुवेतमध्ये मीना अब्दुल्ला बंदरावरच्या रिफायनरीत इंजिनियर आणि मराठी मंडळाचा कायमचा उपाध्यक्ष. कायमचा म्हणजे दर सव्वीस जानेवारीला राजदूतांबरोबरच्या फोटोत दुसऱ्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआडून अर्धा. इराकची लढाई संपून मंडळ आता पुन्हा उभं राहत होतं. जुने अध्यक्ष कॅनडाला गेले ते गेलेच. येत्या सव्वीस जानेवारीला पहिल्या रांगेतली खुर्ची आपली, असं जगन्नाथनं मनाशी पक्कं केलं होतं.

"सोपं आहे," तो म्हणाला. "अमेरिकेत असंच करतात. प्राथमिक निवडणूक. एकेका राज्यात वेगवेगळ्या दिवशी मतदान. जो पुढे, अख्खं राज्य त्याचं. आपण एकेका शुक्रवारी एकेक विभाग घेऊ."

"आणि खरी निवडणूक?"

"ती लागणारच नाही. प्राथमिकमध्येच निकाल."

"मग तिला प्राथमिक कशाला म्हणायचं?"

"लता, तू रात्रपाळी करून आलीयस. जा, झोप काढ."

हे सगळं त्याला कँटीनमध्ये एका टेक्सासवाल्यानं सांगितलं होतं. तेलाच्या विहिरींच्या आगी विझवायला आलेला माणूस. कागदी रुमालावर नकाशे काढून समजावलं. जगन्नाथला त्यातलं निम्मंच कळलं, पण ते निम्मं त्याच्या कामाचं होतं. डोकी मोजायची नाहीत, विभाग मोजायचे. कारण अध्यक्षपदासाठी दुसरं नाव यूसुफचं होतं, आणि डोकी मोजली असती तर तो डोळे मिटून निवडून आला असता. यूसुफ रत्नागिरीकडचा, फहाहीलला मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. मंडळाचा गणपती दर वर्षी त्याच्याच पिकअपमधून यायचा. आणि कोकणातली माणसं होती ढीगभर.

आदल्या वर्षी हीच माणसं एका बसमध्ये कोंबून बगदादमार्गे अम्मानला पळाली होती. एका कॅनचं पाणी सगळ्यांनी तोंड लावून प्यायलं. तेव्हा एकानंही विचारलं नाही, की बाबा, तुझा जिल्हा कोणता. परत येऊन पुरतं बूड टेकलं नाही, तर लगेच जिल्हे आठवले! माणूस जगला की आधी आपली लायकी दाखवतो.

तर नियम ठरला: ज्याचा जन्म जिथला, त्याचा तो विभाग. चिठ्ठ्या बंद पाकिटात, सगळी पाकिटं शेवटच्या शुक्रवारी उघडायची. मराठवाड्याचं कुणी परतलंच नव्हतं. राहिले तीन विभाग. पुणे-मुंबई जगन्नाथचा, कोकण यूसुफचा, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे निकाल विदर्भाच्या हातात. आणि अख्ख्या कुवेतमध्ये विदर्भ म्हणजे एकच माणूस: गुरुप्रसाद. चंद्रपूरचा, वेल्डिंगचा फोरमन, सडाफटिंग.

जगन्नाथनं त्याला जेवायला बोलावलं.

"मटण जमलं, वहिनी," गुरुप्रसाद बोटं चाटत म्हणाला. "पण तिखट कमी पडलं, राजेहो."

"शैला, पुढच्या शुक्रवारी तिखट वाढव!" जगन्नाथ आतल्या दिशेनं ओरडला.

पुढच्या शुक्रवारी तिखट वाढलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी गुरुप्रसाद दोन मित्र घेऊन आला. एक मलबारी, एक बंगाली.

"यांचा काय संबंध?" जगन्नाथनं बाजूला घेऊन विचारलं.

"विदर्भात पाहुण्याले उपाशी नाही ठेवत."

"पण हा विदर्भ नाही, कुवेतचं अहमदी आहे!"

"मंग मतदान काहून विदर्भाचं घेता?"

आत शैला कांदा चिरत होती. खिडकीबाहेर दोरीवरचे कपडे विहिरींच्या धुरानं पुन्हा काळे पडले होते. ते धुवायचे, की अख्ख्या विदर्भाला जेवू घालायचं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

शेवटच्या शुक्रवारी मंडळ जगन्नाथच्या घरी जमलं. गुरुप्रसादनं गुप्त मतदानाचा हट्ट धरला.

"अरे, मतदारच एक!" लता म्हणाली. "गुप्त कुणापासून?"

"नियम म्हंजे नियम," म्हणत तो मोरीत शिरला, कडी लावली आणि चिठ्ठी लिहून आला.

जगन्नाथ पाकीट चिकटवणार, तोच शैला हात पुसत बाहेर आली. "थांबा. माझं राहिलंय."

"तुझं? तुझं पुणे-मुंबईत झालं ना?"

"त्या दिवशी मी सगळ्यांसाठी भजी तळत होते. आणि माझा जन्म अकोल्याचा. नियम कुणाचा?"

लग्नाला सतरा वर्षं झाली होती. सासुरवाडी विदर्भात आहे, हे जगन्नाथला आज प्रथमच राजकीयदृष्ट्या लक्षात आलं. पण त्याला आनंदच झाला. घरचं मत! शैलाही मोरीत जाऊन आली.

पाकिटं लता उघडू लागली. "कोकण. बहुमत... जगन्नाथ."

"काय?" जगन्नाथ खुर्चीवरून पडता पडता राहिला. कोकणातली मंडळी छताकडे बघू लागली. शेवटी जयराम पुटपुटला, "यूसुफभाय झाला तर सगल्यांना कामाला लावील ओ. आमी ओळखतो ना तेला."

"पुणे-मुंबई. यूसुफ. जगन्नाथला एक मत."

ते एक कुणाचं, हे जगन्नाथला चांगलंच ठाऊक होतं. त्यानं स्वतःच लिहिलं होतं. "गद्दार!" तो ओरडला. "माझ्याच विभागात?"

"जगन्नाथराव, आम्हीही ओळखतो ना तुम्हाला," लता म्हणाली. "आता विदर्भ. दोन मतं. दोन्ही यूसुफ."

जगन्नाथ गुरुप्रसादकडे वळला. "अरे, तू माझं मटण खाल्लंस!"

"तुमचं कुठं? वहिनीचं," गुरुप्रसाद शांतपणे म्हणाला. "म्हून वहिनीलेच इचारलं, कोणाले देऊ. त्या म्हणाल्या, यूसुफभाईले."

"शैला!"

"एका मताला महिनाभर रांधलं," शैला म्हणाली. "तुम्ही अध्यक्ष झालात तर अख्खं मंडळ माझ्या चुलीवर येईल. मला नाही जमायचं."

यूसुफ दाराजवळ चप्पल शोधत होता. त्याला ओढून आणून खुर्चीत बसवलं. "मना उभा कुणी केलान, तेच मना कळलेला नाय," तो घाम पुसत म्हणाला. "पण आता केलात तर ऐका. माझा हुकूम पयला. मीटिंग दर शुक्रवारी. पण माझं दुकान बारीक, बायकोची, बानूची तब्येत बरी नसते. तेव्हा जागा..." त्यानं खोलीभर नजर फिरवली. "गुरुप्रसाद, तू सांग."

"यात काय सांगायचं?" गुरुप्रसाद म्हणाला. "इथंच. असं मटण अख्ख्या कुवेतमध्ये नाही."

पुणे-मुंबई, कोकण आणि विदर्भ यांचे हात पहिल्यांदाच एकदम वर गेले. विदर्भाचा एकच गेला. दुसरा शैलाच्या कमरेवर होता.