पाव्हणा आणि पाटी

आमचे चिरंजीव पाणीखात्यात साहेब आहेत. त्यामुळे भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातून आणलेल्या कुत्र्याने बैठकीच्या खोलीतल्या गालिच्यावर तळं केलं, तेव्हा त्यांनी फडकं आणलं नाही, मीटिंग बोलावली.

सूनबाई फडकं पिळत म्हणाली, "अहो, रविवारपर्यंत हे थांबलं नाही, तर पाव्हणा परत निवाऱ्यात."

पाव्हणा म्हणजे कुत्रा. माझ्या पायावर हनुवटी टेकून तोही मीटिंगला हजर होता. माझा जीव एव्हाना त्याच्यात अडकला होता. या घरात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा तो एकटाच.

"योग्य ती कार्यवाही होईल," चिरंजीव म्हणाले, आणि संध्याकाळी ऑफिसातून पाटी घेऊन आले. निळ्यावर पांढरी अक्षरं: 'येथे लघवी करू नये. हुकमावरून.' गालिच्याच्या वर भिंतीला ठोकलीसुद्धा.

"अरे, त्याला वाचता कुठे येतं?"

"आई, पाटी वाचायला नसते. लावायला असते."

पाव्हण्याने पाटीकडे नीट पाहिलं, शेपूट हलवली आणि बरोबर तिच्याखाली पाय वर केला.

साहेबांनी निष्कर्ष काढला की पाट्या अपुऱ्या आहेत. मग सोफ्याला पाटी, फ्रिजला पाटी, माझ्या खाटेलाही पाटी. पाव्हण्याने एकही कोरडी ठेवली नाही. बिचारा पाणी पिऊन पिऊन दमला. शनिवारी सूनबाईने त्याची वाटी पिशवीत भरली.

"मलाही वाईट वाटतंय हो आई. पण आता गमबूट घालून स्वयंपाक करायची वेळ आलीय."

म्हटलं, त्याला शेवटची एक फेरी मी मारून आणते. रोज चिरंजीव न्यायचे, फोनवर बोलत. मी डोळे उघडे ठेवून गेले. कोपऱ्यावर लांबलचक भिंत, भिंतीवर तीच निळी पाटी, आणि पाटीखाली ओळीने सभ्य गृहस्थ, पाठमोरे. कुणाच्या खांद्याला बॅग, कुणाच्या गळ्यात टाय. पाव्हण्याने त्यांच्याकडे आदराने पाहिलं आणि ओळीत उभा राहिला. विद्यार्थी हुशारच होता, शाळा तशी मिळाली.

घरी येऊन सगळ्या पाट्या उतरवल्या. एकच ठेवली, ती मागच्या अंगणात झाडाला टांगली. पाव्हणा धावत गेला. तेव्हापासून गालिचा कोरडा. सूनबाईने पिशवीतली वाटी पुन्हा जागेवर ठेवली.

"बघ आई," चिरंजीव म्हणाले, "शेवटी पाटीनेच काम केलं ना?"

अडचण एवढीच, की अंगणाला फाटक नाही. काल सकाळी पाहते, तर झाडाखाली पाव्हण्यामागे रांग. शेजारचे वकील, वरच्या मजल्यावरचे मास्तर, त्यांच्यामागे आमचे चिरंजीव. कुत्र्याचं भागलं, यांच्यासाठी कुठे निवारा आहे का, चौकशी चालू आहे.

चिरंजीवांच्याही मागे एकजण होते. मला फक्त पाठ दिसली. तुम्ही हसताय ते ठीक, पण जरा वळून बसता का?