पागनीसांच्या घरातला पहिला डॉक्टर

"सुमन, हा माणूस बोगस आहे," पोह्यांवर शेव घालता घालता लक्ष्मीकांत पागनीस म्हणाले.

कोण ते सुमनताईंनी विचारलं नाही. पागनीसांनी बत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत डॉक्टरांच्या पदव्या पडताळल्या होत्या आणि निवृत्तीनंतरही ती खोड गेली नव्हती. साखरपुड्याआधी होणाऱ्या जावयाची मार्कशीट त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली होती. जावई अजून त्यांच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतो.

या खेपेला संशय थेट एका बिशपवर होता. मिशनच्या फादरांनी इंदुरात सुरू केलेल्या जुन्या मेडिकल स्कूलला सव्वाशे वर्षं होत होती, आणि स्मरणिकेचं काम पागनीसांनी मागून घेतलं होतं. कारण सरळ होतं. पहिल्या पानावर त्यांच्या पणजोबांचा, म्हणजे या शाळेतून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांचा, डॉ. शंकररावांचा फोटो यायचा होता. गावात या घराला 'डॉक्टर पागनीस' म्हणत, भले पुढच्या तीन पिढ्या कारकुनीत गेल्या तरी.

"हे बघ," प्रमुख पाहुण्यांचा बायोडाटा नाचवत पागनीस म्हणाले. "इंदूरचे सहायक बिशप, आणि धर्मप्रांत कोणता, तर उझाबीरा. मी पूरा मॅप छानून काढला. आफ्रिकेत होतं म्हणे. तेराशे साल झाले, रेतीत गाडलं गेलं."

"तिकडे आता कोण राहतं?"

"कोणीच नाही. मग हा बिशप कोणाचा?"

"बरंच आहे की. शिकायत करायला कोणी नाही."

पागनीसांनी समारंभ समितीच्या अध्यक्षा डॉ. मितालींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काकाजी, कार्डं छापून झाली आहेत. प्लीज, आता काही चेक करू नका." झालं. ही बाईसुद्धा सामील आहे, असं पागनीसांच्या मनाने घेतलं. त्यांनी बिशप हाउसला रीतसर पत्र धाडलं: नेमणुकीचा मूळ आदेश आणि धर्मप्रांताचा नकाशा दाखवावा.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. 'अवश्य यावे. आपल्या शाळेची जुनी दप्तरेही आमच्याकडेच जतन केलेली आहेत.' पागनीसांचा संशय दुप्पट झाला. इतकं शुद्ध मराठी इंदुरात लिहितं कोण?

बिशप इनास तुस्कानो निघाले वसईचे. घरची भाषा मराठी. त्यांनी न कुरकुरता रोमहून आलेला आदेश पुढे ठेवला. पागनीसांनी तो उजेडात धरला, शिक्क्यावर बोट फिरवलं, उलटून मागची बाजू पाहिली.

"सहायक बिशपला स्वतःचा धर्मप्रांत नसतो," बिशप म्हणाले. "म्हणून एखाद्या लोप पावलेल्या धर्मप्रांताचं नाव त्याला देतात. तेवढंच ते नाव जिवंत राहतं."

"म्हणजे पोस्ट आहे, जागा नाही?"

"अगदी बरोबर."

कागद चोख होता. पागनीस हिरमुसले.

"तुमचं पत्र वाचून मलाही पडताळणीची गोडी लागली," बिशप म्हणाले आणि त्यांनी शाळेचं पहिलं प्रवेशपुस्तक उघडलं. पहिलंच नाव शंकर पागनीस, वय अठरा, सोमवारी दाखल. पागनीसांची छाती फुगली. पुढच्या रकान्यात फादरांनी बारीक अक्षरात इंग्रजीत नोंद केली होती: गुरुवारी प्रेत पाहून बेशुद्ध पडला. शुक्रवारी घरी गेला. परत आला नाही.

पागनीसांनी ते पानही उजेडात धरलं. शाई जुनी, खाडाखोड नाही, अक्षर एकाच हाताचं. बत्तीस वर्षांत इतका अस्सल कागद त्यांच्या हाती आला नव्हता. त्यांना रडू यायचं बाकी होतं.

"मी कुणाला सांगणार नाही," बिशप हळूच म्हणाले. "स्मरणिका तुमच्या हातात आहे."

"याच्या बदल्यात तुम्हाला काय पाहिजे?"

"काहीच नाही. चहा घेणार?"

पागनीसांनी चहा घेतला. यात काय डाव असावा, ते कप रिकामा झाला तरी त्यांना सापडलं नाही.

घरी सुमनताई दारातच होत्या. "काय झालं? निघाला का बोगस?"

"निघाला."

"अरे देवा. आता बिशपना येऊ नका म्हणून कोण सांगणार?"

"बिशप ओरिजनल आहे," पागनीस म्हणाले. स्मरणिकेचं पहिलं पान त्यांनी टेबलावर घेतलं, बराच वेळ त्या फोटोकडे पाहिलं आणि लाल पेनने 'डॉ.' खोडलं. 'पहिले डॉक्टर' खोडून त्या जागी 'पहिले विद्यार्थी' लिहिलं. रेघ सरळ आली.

सुमनताई त्यांच्या खांद्यावरून वाचत होत्या. "मला तर लग्न झालं तेव्हापासून शक होता," त्या म्हणाल्या. "भाजी चिरताना माझं बोट कापलं, तर तुम्ही आणि तुमचे बाबाजी दोघं बरोबर चक्कर येऊन पडलात. डॉक्टरचं खानदान असं असतं का?"

पागनीस दुखावले. "मग चाळीस साल बोलली का नाहीस?"

"तुम्ही प्रूफ मागितलं असतं."